डेमरेज : अडकलं काय आणि कुणाचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चीनहून मशिनरीचा एक कंटेनर मागवला, तो न्हावा शेव्याला उतरला, एक कागद कमी पडला आणि माल उशिरा सुटला. नंतर जी बिलं आली त्यांत एकात 'डेमरेज', दुसऱ्यात 'डिटेन्शन' आणि तिसऱ्यात 'ग्राउंड रेंट'. शब्दकोशात डेमरेजचा अर्थ 'विलंब शुल्क' असा मिळाला. उशीर एकदाच झाला, मग आकार तीन कसे? आणि या शब्दाचा नेमका अर्थ काय?

कस्टम्स क्लिअरिंगच्या धंद्यात केस पांढरे झाले, त्यामुळे हा शब्द रोज कानावर पडतो. शब्दकोशाने दिलेला अर्थ चूक नाही, पण त्याने काम भागत नाही. विलंब शुल्क विजेच्या बिलालाही लागतं आणि परीक्षेच्या फॉर्मलाही. तिथे पैसे किंवा कागद उशिरा दिलेला असतो. डेमरेज लागतं ते दुसऱ्याची वस्तू ठरल्यापेक्षा जास्त वेळ अडवून ठेवल्याबद्दल. मुळात ती वस्तू म्हणजे जहाज. पुढे रेल्वेची वॅगन आली, मग कंटेनर, आणि आपल्याकडे तर गोदामातली जागासुद्धा. म्हणून बिलावर डेमरेज दिसलं की मी पहिला प्रश्न विचारतो : अडकलं काय आणि कुणाचं? याचं उत्तर मिळालं की शब्दाचा त्या बिलापुरता अर्थ लागतो.

मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द मला 'खोटी' वाटतो. 'माझी खोटी करू नकोस' म्हणतो ना, त्यातली खोटी. गाडी खोटी झाली, माणूस खोटी झाला. डेमरेज म्हणजे जहाजाच्या खोटीचे पैसे. पण हा शब्द आता बोलण्यातूनही मागे पडलाय आणि कागदावर लिहिला तर लोक 'खोटं' वाचतील, त्यामुळे सरकारी मराठीत 'विलंब शुल्क' किंवा 'विलंब आकार' रुळला. धक्क्यावर मात्र सगळे 'डेमरेज'च म्हणतात : डेमरेज लागलं, डेमरेज चढतंय.

शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये, रेंगाळणं या अर्थाच्या क्रियापदात आहे. तिथून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याच मुळाचं इंग्रजी क्रियापद 'डिमर' म्हणजे आढेवेढे घेणं, आक्षेप काढणं. कोर्टाच्या बातम्यांत 'डिमरर' दिसतो तोही याच कुळातला : समोरच्याने सांगितलेल्या सगळ्या गोष्टी घटकाभर खऱ्या धरल्या तरी त्याचा दावा कायद्यात बसत नाही, असा बचाव. त्याचा डेमरेजशी आज काही संबंध उरलेला नाही, पण कायद्याच्या विद्यार्थ्यांची गल्लत होते म्हणून सांगितलं.

आता मूळ अर्थाकडे. एखाद्या कंपनीने कोळसा आणायला अख्खं जहाज भाड्याने घेतलं. या कराराला चार्टर पार्टी म्हणतात. भाडं ठरतं ते प्रवासाचं. पण जहाज बंदरात किती दिवस उभं राहणार हे जहाजमालकाच्या हातात नसतं. माल उतरवणारा जेवढा चपळ तेवढं ते लवकर मोकळं होतं. जहाज उभं असलं तरी खलाशांचा पगार, विमा, कर्जाचं व्याज, जनरेटरचं इंधन चालूच असतं, आणि पुढचं भाडं हातचं जातं ते वेगळंच. म्हणून करारातच ठरवून टाकतात, की माल उतरवायला अमुक वेळ फुकट. त्याला लेटाइम म्हणतात. तो संपला की दिवसाला अमुक डॉलर. हे दुसरं म्हणजे डेमरेज.

एक हिशेब करून दाखवतो, म्हणजे यातल्या खाचाखोचा दिसतील. समजा जयगडला ३०,००० टन कोळसा घेऊन जहाज आलं. करारात दिवसाला १०,००० टन उतरवायचा दर, रविवार आणि पावसाची वेळ सोडून. म्हणजे लेटाइम तीन दिवस. डेमरेजचा दर दिवसाला १२,००० डॉलर. जहाज पोचल्यावर कप्तान 'मी आलोय, माल उतरवायला तयार आहे' अशी लेखी सूचना देतो. तिला नोटीस ऑफ रेडिनेस, बोलण्यात एनओआर म्हणतात. त्या नोटिशीनंतर करारात ठरलेल्या तासांनी घड्याळ सुरू होतं. समजा ते बुधवारी सकाळी ८ वाजता सुरू झालं. तर शनिवारी सकाळी ८ वाजता लेटाइम संपला. क्रेन बिघडली, बार्ज (माल वाहणारी सपाट बोट) वेळेवर आली नाही, काही का कारण असेना, शेवटचा टन उतरला तो सोमवारी दुपारी २ वाजता. शनिवारी ८ ते सोमवारी २, म्हणजे सव्वादोन दिवस. गुणिले १२,०००. डेमरेज २७,००० डॉलर.

इथे भाड्याने घेणारा हटकून म्हणतो, 'मधला रविवार वजा करा, करारात रविवार सोडलेला आहे.' जहाजमालक नाही म्हणतो, आणि बरोबर तोच असतो. रविवारची, पावसाची सूट लेटाइमपुरती असते. एकदा तो संपून जहाज डेमरेजवर गेलं की रविवार, सण, धो धो पाऊस, सगळं मोजलं जातं. या धंद्यात याला 'एकदा डेमरेजवर गेलं की कायम डेमरेजवर' असं म्हणतात, आणि इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, १९७८ मध्ये 'दियास' या जहाजाच्या खटल्यात त्यावर शिक्का मारला. ते जहाज गहू घेऊन चीनच्या शिनगांग बंदरात थांबलं होतं. लेटाइम संपल्यावर गव्हात कीटकनाशकाची धुरी द्यायला काही दिवस गेले. धुरीचा वेळ मोजायचा नाही असं करारात होतं. लॉर्डांनी सांगितलं, ती सूट लेटाइममध्ये न मोजण्याची आहे. डेमरेजचं घड्याळ थांबवायचं असेल तर करारात तसं स्वच्छ लिहा.

उलट काम लवकर उरकलं तर? वरच्याच उदाहरणात माल शुक्रवारी सकाळी ८ वाजता संपला असता तर जहाज एक दिवस आधी मोकळं झालं असतं. त्याबद्दल जहाजमालक भाड्याने घेणाऱ्याला पैसे देतो. त्याचं नाव डिस्पॅच, आणि तसं कलम असेल तर दर बहुधा डेमरेजच्या निम्मा, म्हणजे इथे ६,००० डॉलर. कुरिअरवाल्याचा डिस्पॅच निराळा. भाषांतर करणारे इथे नेमके घसरतात आणि 'डिस्पॅच मनी'चं 'रवानगी खर्च' करून ठेवतात. तो खर्च नव्हे, बक्षीस आहे.

डेमरेज हा दंड आहे का? मराठी बातम्यांत सर्रास 'दंड' लिहितात. जहाजाच्या बाबतीत तरी तो दंड नव्हे, आधीच ठरवलेली नुकसानभरपाई आहे. जहाजमालकाला पुढे 'माझं एवढं नुकसान झालं' असं सिद्ध करत बसावं लागू नये म्हणून आकडा आधी बांधून घेतलेला असतो. त्याची दुसरी बाजू अशी, की नुकसान जास्त झालं तरी उशिरापोटी त्या आकड्यावरच समाधान मानावं लागतं. 'इटर्नल ब्लिस' नावाचं जहाज ब्राझीलहून सोयाबीन घेऊन चीनला गेलं आणि महिनाभर नांगरावर ताटकळलं. तेवढ्यात सोयाबीनला बुरशी आली. मालाच्या मालकांना भरपाई द्यावी लागली ती जहाजमालकाला, आणि ती त्याने डेमरेजव्यतिरिक्त मागितली. खालच्या कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला, पण २०२१ मध्ये इंग्लंडच्या कोर्ट ऑफ अपीलने तो फिरवला : उशिराने जे काही झालं ते डेमरेजमध्ये आलं. मला स्वतःला हा निकाल जहाजमालकावर जरा कठोर वाटतो, पण शब्दाचा अर्थ त्याने पक्का केला हे खरं.

गोव्यात हा शब्द खनिजाच्या धंद्यातल्या माणसांच्या तोंडी बसलेला. मांडवी आणि जुवारीच्या काठच्या जेटींवरून लोहखनिज बार्जमधून मुरगावला जायचं आणि तिथे मोठ्या जहाजात चढायचं. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी वाळूच्या पट्ट्यामुळे मांडवीतून समुद्रात बार्ज काढता येत नाहीत, मग कुंभारजुव्याच्या कालव्याने जुवारीत उतरायचं. बार्जची फेरी लांबली की जहाज भरायचा वेग पडतो आणि घड्याळ चालूच. माल जहाजावर चढवून द्यायची जबाबदारी विक्रेत्यावर असली, की विक्रीच्या करारात भरण्याच्या बंदराचं डेमरेजही सहसा त्याच्याच गळ्यात बांधलेलं असतं. म्हणजे चार्टर पार्टीत डेमरेज कुणी कुणाला द्यायचं हे एक, आणि शेवटी ते कुणाच्या खिशातून जाणार हे दुसऱ्याच करारात.

रेल्वेत अर्थ मुळाला धरून राहिला आहे. रेल्वे अधिनियम १९८९ मध्ये दोन शब्दांच्या व्याख्या आहेत. डेमरेज म्हणजे मोफत वेळ संपल्यावर वॅगन अडवून ठेवल्याचा आकार. व्हार्फेज म्हणजे मोफत वेळ संपल्यावरही रेल्वेच्या जागेतून माल न उचलल्याचा आकार. मालधक्क्यावर खताची रेक लागली आणि हमाल कमी पडले, की वॅगन रिकाम्या होईपर्यंत दर वॅगनला दर तासाने डेमरेज. वॅगन रिकाम्या झाल्या पण पोती धक्क्यावरच थप्पी लावून ठेवली, ट्रक मिळाले नाहीत, तर व्हार्फेज. एकाच रेकला दोन्ही लागू शकतात. कारण पटण्यासारखं असेल तर माफीचा अर्ज करता येतो, आणि काही वेळा सूट मिळतेही. पुण्याहून नागपूरला मोटारसायकल पार्सल केली आणि चार दिवस आणायला गेला नाहीत, तर पार्सल ऑफिसात जे भरता ते खरं तर व्हार्फेज. खिडकीवर मात्र त्यालाही डेमरेजच म्हटलं जातं. तुमच्या गोंधळाची पाळंमुळं इथेच आहेत.

कारण आपल्या बंदरांनीही नेमकं हेच केलं. बंदराच्या शेडमध्ये मोफत दिवसांनंतर माल पडून राहिला तर जे पैसे घेतात, त्याला पोर्ट ट्रस्टांनी आपल्या दरपत्रकांत 'डेमरेज' असं नाव दिलं. इथे जहाज कधीच निघून गेलेलं असतं. अडलेली असते ती बंदराची जागा. रेल्वेच्या भाषेत हे व्हार्फेज झालं असतं. मद्रास पोर्ट ट्रस्ट आणि अमीनचंद प्यारेलाल यांच्यातला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९७५ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं, की बंदराने हा शब्द व्यापारी भाषेतल्या काटेकोर अर्थाने वापरलेला नाही. मुदतीनंतर राहिलेल्या मालावरचा आकार एवढ्याच अर्थाने वापरला आहे. विमानतळांवरही तेच. मुंबई विमानतळाच्या सहार कार्गो कॉम्प्लेक्समध्ये किलोवर आणि दिवसांवर आकारलं जातं ते डेमरेज म्हणजे जागेचं भाडं. दुबईहून किंवा अमेरिकेहून घर आवरून परत येणारी आपली मंडळी सामान वेगळं कार्गोने पाठवतात, इथे येऊन पंधरा दिवस नातेवाइकांत रमतात आणि मग सामान सोडवायला जातात. या शब्दाशी त्यांची ओळख तिथे होते, आणि ती गोड नसते.

आता तुमच्या बिलांकडे वळू. कंटेनर बोटीवरून उतरला, तिथून उरण-पनवेल पट्ट्यातल्या एखाद्या सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये गेला. यात अडकलेल्या गोष्टी दोन. एक, सीएफएसची जागा. तिचं भाडं ते ग्राउंड रेंट. दुसरी गोष्ट खुद्द कंटेनर, लोखंडी डबा. तो शिपिंग लाइनचा, म्हणजे जहाज कंपनीचा. माल काढून रिकामा डबा त्यांच्या यार्डात परत जाईपर्यंत, मोफत दिवस वजा करून, रोजचं भाडं ते डिटेन्शन. म्हणूनच एका उशिराला दोन मीटर. माल तुम्ही सोडवलात तरी कारखान्यात कंटेनर खाली करायला आठवडा लावलात तर ग्राउंड रेंट थांबेल, डिटेन्शन चालू राहील.

मग 'डेमरेज' कुठलं? बिल कुणाचं आहे ते बघा. बंदराचं किंवा सीएफएसचं असेल तर ते जागेचंच भाडं, दुसऱ्या नावाने. त्याच दिवसांचं ग्राउंड रेंट वेगळं लावलेलं असेल तर भांडा. शिपिंग लाइनचं असेल, तर परदेशी पद्धतीत भरलेला डबा टर्मिनलच्या आत जेवढे जास्तीचे दिवस राहिला ते डेमरेज आणि गेटबाहेर गेल्यावर जेवढे जास्तीचे दिवस राहिला ते डिटेन्शन. अमेरिकेत यातल्या दुसऱ्याला 'पर डिएम'ही म्हणतात. आपल्याकडे बऱ्याच लाइन दोन्ही मिळून एकच 'डिटेन्शन' लावतात, काही दोन ओळी करतात. दोन ओळी असल्या तर एका दिवसाची तारीख दोन्हीकडे येता कामा नये. अमेरिकेत या बिलांवरून इतकी बोंब झाली की तिथल्या फेडरल मेरिटाइम कमिशनने नियम केला, मे २०२४ पासून लागू : शेवटचा आकार लागल्यापासून ३० दिवसांत बिल दिलंच पाहिजे, आणि मोफत मुदत कधी सुरू झाली, कधी संपली हे त्यावर छापलंच पाहिजे. आपल्याकडे टाळेबंदीत, मार्च २०२० मध्ये, नौवहन महासंचालनालयाने लाइनना काही काळाचं कंटेनर डिटेन्शन घेऊ नका असं कळवलं होतं. ती आणीबाणीची सोय होती, कायमचा नियम नव्हे.

बिलात आणखी दोन गोष्टी डेमरेजसारख्या दिसतात आणि नसतात. 'डॅमेज' म्हणजे डब्याला पोचे पडले त्याच्या दुरुस्तीचे पैसे. नुसतं अक्षर सारखं, पण घाईत वाचताना माणसं एकाचं दुसरं करतात. आणि बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टम्सला द्यायचं विवरणपत्र, उशिरा भरल्याचा आकार, पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये. तो सरकारजमा होतो. इथे अडकलेलं काहीच नाही, कागद उशिरा गेला एवढंच, म्हणून याला मात्र खुशाल विलंब शुल्क म्हणा.

कस्टम्सनेच माल अडवला आणि नंतर तुम्ही निर्दोष ठरलात, तर डेमरेज कुणी भरायचं? सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ग्रँड स्लॅम इंटरनॅशनलच्या प्रकरणात आयातदाराविरुद्ध निकाल दिला : माल ज्याने सांभाळला त्याचा आकार त्याला मिळाला पाहिजे, अडवणूक कस्टम्सची चूक असली तरी. यावर पुष्कळ आरडाओरडा झाला. कस्टम्सच्या २००९ च्या विनियमांत मग असं घातलं गेलं, की कस्टम्सने जप्त केलेल्या किंवा अडवलेल्या मालावर सांभाळणाऱ्याने भाडं किंवा डेमरेज घेऊ नये. त्यासाठी कस्टम्सकडून डिटेन्शन सर्टिफिकेट घ्यावं लागतं. इथे डिटेन्शन म्हणजे माल अडवल्याचा दाखला, डब्याचं भाडं नव्हे. आणि हा दाखला दाखवला की सगळं आपोआप माफ होतं या भ्रमात राहू नका. पत्रव्यवहार, हेलपाटे, कधी हायकोर्ट.

अख्खं जहाज भाड्याने आणणाऱ्यांसाठी आणखी एक. चार्टर केलेल्या जहाजाचं डेमरेज मालाच्या वाहतूक खर्चात धरून त्यावर कस्टम्स ड्युटी लावायची, असं कस्टम्सच्या २००७ च्या मूल्यांकन नियमांच्या स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे. बंदराच्या शेडमधलं डेमरेज त्यात येत नाही. शब्द एकच, पण एकावर ड्युटी आणि दुसऱ्यावर नाही, इतका फरक अर्थाने पडतो.

अर्थशास्त्र वाचताना हा शब्द तिसऱ्याच रूपात भेटेल. सिल्व्हिओ गेझेल नावाच्या माणसाचं म्हणणं होतं, की पैसा दाबून ठेवणाऱ्यावर भाडं बसवलं तर तो फिरता राहील. ऑस्ट्रियातल्या व्योर्गल गावाने १९३२ मध्ये ते करून पाहिलं : गावाच्या नोटेवर दर महिन्याला किमतीच्या एक टक्का तिकीट चिकटवायचं, तरच ती पूर्ण किमतीला चालायची. गावात कामं निघाली, रस्ते झाले, आणि १९३३ मध्ये ऑस्ट्रियाच्या मध्यवर्ती बँकेने ते बंद पाडलं. या आकारालाही डेमरेजच म्हणतात, आणि शब्दाचा मूळ अर्थ तिथे अचूक बसतो : फिरायला हवी अशी गोष्ट अडवून ठेवल्याचे पैसे.

इंग्रजीत लिहिताना हा शब्द एकवचनी नाम म्हणूनच वापरा. त्याचं क्रियापद करू नका. जहाज 'ऑन डेमरेज' असतं, डेमरेज 'अक्रू' होतं किंवा कुणीतरी ते 'इन्कर' करतं. उच्चार 'डिमरिज'च्या जवळ, जोर 'म'वर. मराठीत नपुंसकलिंगी चालतं. भाषांतर करत असाल तर जहाज किंवा वॅगनसाठी 'विलंब आकार (डेमरेज)' असं एकदा लिहून पुढे 'डेमरेज' चालू द्या, आणि बंदराच्या शेडसाठी सरळ 'मुदतीनंतरचं जागाभाडं' म्हणा. वाचणाऱ्याला कळतं.

बिलं भरण्याआधी तीन तारखा एका कागदावर मांडा : कंटेनर बोटीवरून उतरला ती, सीएफएसच्या गेटबाहेर पडला ती, आणि रिकामा डबा यार्डात जमा झाला ती. शेवटच्या तारखेसाठी ट्रकवाल्याकडून यार्डाची पावती मागून घ्या, ती हटकून त्याच्या डॅशबोर्डवर पडलेली असते. मग लाइनकडून मोफत दिवस किती होते ते लेखी मागवा. पुढच्या वेळी हे दिवस बुकिंग करतानाच वाढवून घ्या. जास्त माल पाठवणाऱ्या पुरवठादाराने शब्द टाकला की लाइन सहसा ऐकते. आणि कागद कमी पडतोय असं लक्षात आलं तर माल धक्क्यावर तसाच ठेवू नका. कस्टम्स कायद्याच्या कलम ४९ खाली वखारीत ठेवायची परवानगी मागा, म्हणजे डबा रिकामा करून परत देता येईल आणि दोनपैकी एक मीटर तरी बंद होईल. माल उतरल्यापासून ३० दिवसांत सोडवला नाही तर कलम ४८ प्रमाणे नोटीस देऊन आणि कस्टम्सची परवानगी घेऊन तो विकायलाही काढता येतो, त्यामुळे नोटीस आली तर तिला त्याच आठवड्यात उत्तर द्या.